खळीचं भांडं

सासरे बुकबाइंडर. पुस्तक शिवताना ओव्या गायचे. आता ओळ अर्ध्यावर आली की छातीचा भाता वाजू लागे. खोलीत झुरळांनी ठाण मांडलेलं. मागच्या फवारणीनंतर सासरे चार दिवस ऑक्सिजनवर होते, तरी नणंदेने फवारणीवाल्याला पुन्हा सांगितलं होतं. आठ दिवसांनी येणार.

"वन्सं, तेवढे आठ दिवस माझे," सून म्हणाली. "नंतर एक जरी झुरळ दिसलं, तरी मीच फवारणीवाल्याला दार उघडीन."

"आठ दिवसांत काय, झुरळांची समजूत काढणार का वहिनी?"

संध्याकाळी सुनेने फरशीवर पीठ भुरभुरवलं. सकाळी पाहते तर पिठात बारीक रेघोट्या, साऱ्या एकाच गावाला निघालेल्या: सासऱ्यांच्या कामाच्या बाकाखाली, खळीच्या भांड्याकडे. पुस्तकं चिकटवायची मैद्याची ती खळ सासरे चाळीस वर्षं रात्रभर उघडीच ठेवत, वर नुसतं ओलं फडकं.

"मामंजी, पंगत तर आपणच वाढतोय."

"झाकली की नासते खळ! माझे वडील..." पुढचं खोकल्याने खाल्लं.

"मग उरवायचीच नाही. रोज सकाळी लागेल तेवढीच शिजवून देते."

सासऱ्यांनी तोंड फिरवलं, पण भांडं तिच्याकडे सरकवलं.

सुनेने पदर खोचला. गळका नळ बंद झाला, पुठ्ठ्यांचे ढीग हलले, भिंतीच्या फटी लांबी भरून बुजल्या. रात्री कोपऱ्यांत सापळे म्हणून बरण्या ठेवल्या: तळाशी खळीचं बोट, गळ्याला आतून तेलाचा हात. उतरलेला पाहुणा परत चढायला नको. पहिल्या सकाळी सतरा सापडले, चौथ्या नऊ, सहाव्या दोन. आठव्या सकाळी बरण्या रिकाम्या.

फवारणीवाला खांद्यावर पंप घेऊन आला. बाकाखाली, मोरीत, कपाटामागे टॉर्च फिरवून म्हणाला, "ताई, मारू कुणावर?"

नणंदेला पटेना. तिने टॉर्च ओढून घेतला, स्वतः गुडघ्यांवर बसली आणि नाकाला धूळ लावून उठली. "वहिनी," आवाज खाली आला, "माझ्या स्वयंपाकघराकडे कधी येताय?"

बाकावर सासऱ्यांनी खळीचा शेवटचा ठिपका संपवला, भांडं स्वतः घासलं, उपडं घातलं. मग सुईत दोरा ओवला आणि गळा मोकळा सोडला:

"सुनेने गं माझ्या, बुजविली फट,
निघा पाहुण्यांनो, संपली तुमची वट!"

दोन्ही ओळी, एका दमात.