काळ्या गाजरांची पुरचुंडी

मित्रांनो, मी एक जुना तुंबा आहे. कडू दुध्या उन्हात वाळवायचा, त्याची मान कापायची, आतलं सगळं कोरून काढायचं, की माझ्यासारखं भांडं तयार होतं. राजापूरजवळच्या एका वाडीत, यमुनाबाईंच्या परसातल्या कुंपणावर मी वाढलो. त्यांनी माझं स्वतःचं बी काढून शेजारणींना वाटून टाकलं आणि माझ्या रिकाम्या पोटात पडवळ, चिबूड, दोडका, लाल माठ अशा सगळ्यांच्या बियांच्या पुरचुंड्या राखेत घालून ठेवल्या. तोंडाला शेणाचं बूच लावून मला चुलीवरच्या वाशाला टांगलं. धुराने मी काळाकुट्ट झालो, पण कीड कधी जवळ फिरकली नाही. मृगाच्या आधी वाडीतल्या बायका बी मागायला यायच्या. यमुनाबाईंच्या तुंब्यातलं बी दगा देत नाही, असं म्हणायच्या. ते ऐकून मी फुगायचो. खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व झाला होता.

यमुनाबाईंचे यजमान रावजी पलटणीत होते. पंजाबात असताना बलबीर नावाच्या सोबत्याच्या शेतावर त्यांनी काळी गाजरं खाल्ली होती. काळी म्हणजे पिकल्या जांभळासारखी. खाल्ली की जीभ, ओठ, बोटं, सगळं जांभळं. पेन्शनीत आल्यावरही रावजी त्या गाजरांचं कौतुक सांगत बसायचे आणि डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी विश्वास ठेवायची नाही, असं यमुनाबाई त्यांना चिडवायच्या. बारा-तेरा वर्षांपूर्वी बलबीरच्या नातवाच्या लग्नाला रावजी पंजाबात गेले आणि येताना चिमूटभर बी घेऊन आले. पुरचुंडी बायकोच्या हातात ठेवत म्हणाले, "आता तुझी जीभ जांभळी करतो, बघ."

ते बी जिऱ्याहून बारीक होतं. भाताची कापणी झाली की दर वर्षी यमुनाबाई मला खाली उतरवायच्या, ती पुरचुंडी तळहातावर घ्यायच्या आणि पुन्हा आत ठेवून द्यायच्या. एवढंसं बी, वाया गेलं तर पुन्हा कुठून आणायचं? एका वर्षी जमीन नीट भुसभुशीत झाली नाही म्हणून राहिलं. दुसऱ्या वर्षी विहिरीला पाणी कमी म्हणून राहिलं. मी मनात म्हणायचो, बाई, घाई करू नका, मी आहे ना.

पुढे घरात गॅस आला, चूल मागच्या अंगणात गेली आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे धूर नाही, गप्पा नाहीत, मृगाला मागायला येणाऱ्या बायकाही नाहीत. बी आता दुकानात पाकिटातून मिळत होतं. दोन वर्षांपूर्वी यमुनाबाई गेल्या. जीभ जांभळी व्हायची राहूनच गेली.

त्यानंतर रावजींचं मन भरकटू लागलं. सून सुनंदा समोर आली की ते तिला यमुना समजत आणि विचारत, "यमुने, गाजरं लावलीस काय गो?" सुरुवातीला सुनंदा सांगायची, बाबा, मी सुनंदा. मग तिने ते सोडून दिलं. नुसतं "लावते हां" म्हणायची. रोज संध्याकाळी तोच प्रश्न, रोज तेच खोटं. डॉक्टरांनीही आता फार दिवसांची आशा धरू नका असं सांगितलं होतं. एकदा तरी या माणसाला खरं उत्तर द्यायचं, असं सुनंदाने ठरवलं.

तिने मला माळ्यावरून उतरवलं, पुसलं, पुरचुंडी सोडली आणि बी परसात पेरलं. मला विहिरीजवळच्या खांबाला टांगलं, म्हणून मी सगळं पाहत होतो. आठवडा गेला, दोन गेले, महिना झाला. एकही कोंब वर आला नाही. मित्रांनो, गाजराचं बी तीन-चार वर्षांपलीकडे फारसं तग धरत नाही, हे मला कुठे ठाऊक होतं? मी बारा वर्षं पुरचुंडी सांभाळली होती, बी नाही. माझ्या गर्वाची त्या महिन्यात माती झाली.

मग सुनंदाने शोध सुरू केला. राजापूरच्या बाजारात केशरी गाजराखेरीज बी मिळेना. रत्नागिरीला नोकरी करणाऱ्या तिच्या मुलीने, आम्रपालीने, मोबाइलवरून पाकीट मागवलं. त्यावर रंगीबेरंगी गाजरांचं चित्र होतं, उगवली मात्र केशरीच. शेवटी रावजींच्या ट्रंकेत बलबीरचा पत्ता सापडला. सुनंदाने मोडक्यातोडक्या हिंदीत पत्र लिहिलं. दोन महिन्यांनी टपालाने एक कापडी पिशवी आली. बलबीर वारले होते. बी त्यांच्या सुनेने पाठवलं होतं. एका सुनेने दुसरीला, न पाहता.

यंदा कापणी झाल्याबरोबर सुनंदाने ते पेरलं आणि इथे तिचं चुकलं. आमच्याकडे भात काय, नाचणी काय, आधी दाट पेरून तरवा करायचा आणि मग रोपं उपटून ओळीने लावायची. जन्मभर लावणी केलेल्या त्या हातांनी गाजराचाही तरवा केला. रोपं वीतभर अंतरावर किती सुबक लावली होती. पुढे गाजरं उपटली तेव्हा एकही सरळ निघेना. कुणाला दोन पाय, कुणाला तीन, एक तर चक्क मांडी घालून बसलेलं. सुनंदा बांधावर बसून रडली.

संध्याकाळी पडवीतून प्रश्न आला. सुनंदाने एक वाकडं गाजर धुतलं आणि रावजींच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं. पुढच्या दातांनी थोडं कुरतडलं. ओठ जांभळे झाले. मग ते गाजराच्या पायांकडे बघू लागले.

"ही उपटून लावलीस?"

"हो बाबा. भातासारखी."

"गाजराला जाग्यावरनं हलवायचं नाय गो, सुनंदा."

वर्षभरात त्यांनी तिला तिच्या नावाने हाक मारली नव्हती.

"यमुनेला मिळालं नाय," रावजी म्हणाले. "सगळी नको संपवू. चार परत जमिनीत घाल. वाकडी असली तरी बी धरतील."

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा यमुना झाली. पण संध्याकाळी प्रश्न आला तेव्हा सुनंदा म्हणाली, "लावली हो," आणि ते खरं होतं.

चैत्रात त्या चार गाजरांवर पांढऱ्या छत्र्यांसारखी फुलं आली. त्याच दिवसांत रावजी गेले. बी वैशाखात पिकलं. बुद्ध पौर्णिमेला सुनंदा मला विहारात घेऊन गेली आणि जमलेल्या प्रत्येकीच्या हातावर तिने चिमूट चिमूट बी ठेवलं. कापणी झाली की लगेच पेरा, उपटून लावू नका, असं सगळ्यांना बजावलं.

आता एक छोटी पुरचुंडी माझ्या पोटात आहे. तिच्यावर वर्ष लिहिलेलं आहे. मित्रांनो, मला जपा, माझं तोंड नीट बंद करा, पण मला विसरू नका. कुणासाठी काही राखून ठेवलं असेल, तर तो माणूस असेपर्यंत ते बाहेर काढा. भात कापून झालं की मला खाली उतरवा आणि रिकामा करा.