कार्डावरचा ‘वि’

एकोणिसाव्या भागात मेलेला मामा एकतिसाव्या भागात चहा प्यायला आला, तेव्हा रेडिओ केंद्रातला फोन दोन दिवस थांबेना. एका श्रोत्याने तर काळजीने विचारलं, "मामा परत आले, आनंदच आहे, पण त्यांचा कोट तर तुम्ही विसाव्या भागात देऊन टाकलात. आता थंडीत घालणार काय?"

मालिकेचं नाव ‘भट्टीची ऊब’. एक म्हातारी, तिची बेकरी आणि तिथे येणारी-जाणारी माणसं, रोज पंधरा मिनिटं. लिहायची कुजबुजकाकांची पुतणी. रोज एक भाग एकटीने लिहायचा म्हणजे नाकी नऊ येतात, म्हणून ती कॉम्प्युटरवरच्या चॅटबॉटला हाताशी घेऊन बसायची. प्रसंग ती सांगे, संवादांचा कच्चा खर्डा तो लिही, मग ती खोडूनमाडून तो आपला करी. गडी कामाला वाघ, पण पुढचं पाठ, मागचं सपाट! बोलणं एका मर्यादेपलीकडे लांबलं की आधीचं सगळं त्याच्या डोक्यातून जाई. नव्याने संवाद उघडावा, तर हा पठ्ठ्या जन्मात कधी भेटलो नसल्यासारखा म्हणे, "नमस्कार! मी आपली काय मदत करू?"

मामा चहा पिऊन गेल्यावर निर्मातीबाईंनी पुतणीला बोलावून घेतलं आणि शांतपणे सांगितलं, "आणखी एक अशी चूक, की मालिका दुसऱ्या कुणाला देईन." बाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या शांत बोलल्या की समजावं, ठरलंय.

पुतणी तडक काकांकडे आली. काका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होते. अडतीस वर्षं त्यांनी विंगेत स्टुलावर बसून नटांना विसरलेली वाक्यं पुरवली. आवाज असा, की नटाला पोचे आणि पहिल्या रांगेला पत्ता लागत नसे. नाव पडलं कुजबुजकाका. पुढे नटांच्या कानात यंत्रं आली आणि काका घरी बसून बातम्या वाचणाऱ्यांच्या चुका काढू लागले. घरच्यांना त्याचा बराच ताप झाला होता.

"काका, मी त्याला एकतीसचे एकतीस भाग वाचायला देते, तरी मधलं विसरतो," पुतणी रडकुंडीला आली होती. "सारांश करून ठेव म्हटलं. तर सारांशाचा सारांश करता करता त्याने मामाचं मरणच गाळलं!"

काकांनी चष्मा काढला. "नट अडला की मी काय पहिल्या अंकापासून वाचायला घ्यायचो?"

"नाही."

"वाक्याचे पहिले दोन शब्द. संपलं. तो ओंजळ पुढे करतोय आणि तू हंडा ओततेस. सांडणार नाही तर काय होईल? मी येतो उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी काकांनी पुतणीच्या जेवणाच्या टेबलावर ठाण मांडलं. प्रत्येक पात्राचं एक जाड कार्ड केलं. त्यावर चारच ओळी: हा कोण, याला काय ठाऊक आहे, याला काय ठाऊक नाही आणि हा बोलतो कसा. तिसरी ओळ काकांना सगळ्यात लाडकी. "लेखक नेमकी तीच विसरतो," ते म्हणत. रोज सकाळी नवा संवाद उघडायचा आणि त्या दिवशी ज्यांचा प्रवेश असेल त्यांचीच कार्डं यंत्राला द्यायची. बाकीच्यांनी विंगेत बसावं. मेलेल्यांचं एक लाल कार्ड होतं, ते मात्र रोज द्यायचं. संध्याकाळी यंत्रालाच विचारायचं, "आज कुणाचं काय बदललं?" त्याच्या उत्तरातलं खरं तेवढं काका पेन्सिलीने कार्डांवर चढवत.

मेलेले मुकाट मेलेले राहिले. सोळा भाग झाले, एक चूक नाही. काका इतके रमले, की यंत्र अडखळलं की स्क्रीनपाशी वाकून हळूच दोन शब्द पुरवत.

"काका, त्याला टाइप करावं लागतं."

"करू गं टाइप. आधी सांगून तर ठेवतो."

आता काकांच्या लिहिण्यात त्यांच्या धंद्याच्या खुणा असत. ‘ठ’ म्हणजे ठासून बोलायचं, ‘ह’ म्हणजे हळू, आणि ‘वि’ म्हणजे विराम: इथे नट विसरलेला नाही, मुद्दाम थांबलाय, खबरदार मधे तोंड घातलंत तर! पुतणीला त्यांची ताकीद होती, "लिहिलंय तसं उतरव, कानामात्रा बदलू नकोस." तिनेही बदलली नाही. यंत्राने ‘ठ’ आणि ‘ह’ कडे काणाडोळा केला आणि कुणाचं काही बिघडलं नाही.

अठ्ठेचाळिसाव्या भागाच्या दिवशी पुतणीची दाढ काढायची होती. "कार्डं मी यंत्राला उतरवून दिली आहेत. खर्डा आला की एकदा डोळ्यांत तेल घालून वाचा आणि केंद्रावर पाठवून द्या," असं सांगून ती गेली. त्या दिवशी बेकरीवाली आजी आणि पोस्टमन अशा दोघांचेच प्रवेश होते. हा पोस्टमन रोज पाव न्यायला यायचा. पाव हातात पडला तरी तो जागचा हलायचा नाही आणि आजीही दुसरं गिऱ्हाईक बोलवायची नाही. काकांना त्या दोघांचं ते गप्प राहणं फार आवडायचं. आदल्या संध्याकाळी त्यांनी कार्डावर लिहून ठेवलं होतं, ‘आजी व पोस्टमन: वि.’

खर्डा आला. काकांनी तो खरोखरच डोळ्यांत तेल घालून वाचला. पण अडतीस वर्षांची सवय! त्यांची नजर प्रत्येक वाक्याचे पहिले दोन शब्द उचली आणि पुढच्या वाक्यावर जाई. मामा कुठे नाही, एवढी खात्री करून त्यांनी भाग पाठवून दिला.

दुपारी काका आणि गाल सुजलेली पुतणी स्टुडिओत पोचले, तेव्हा काचेपलीकडे तालीम सुरू होती. आजीचं काम करत होत्या बाईसाहेब, काकांच्या जुन्या नाटक कंपनीतल्या नटी. पोस्टमन झालेला नट वाचत होता, "आज पत्र नाही. आज मीच आलोय." जरा वेळाने बाईसाहेब म्हणाल्या, "मग उद्या भट्टी उशिरा पेटवू. आधी नोंदणी कार्यालयात जाऊन लग्न करून येऊ."

पुतणीच्या तोंडचं पाणी पळालं. अर्धं तोंड बधिर, त्यामुळे तिला नीट किंचाळताही येईना. "काका! लग्न? हे कुठून आलं?"

काकांनी कागद ओढून घेतला आणि वाक्यं पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. "विवाह केला गं त्याने ‘वि’चा!" यंत्राने इमानेइतबारे ध चा मा केला होता, आणि आता त्याला विचारण्यात अर्थ नव्हता, सकाळचं त्याला काही आठवत असेल तर शपथ.

पोरीची मालिका आपल्या एका अक्षराने जाणार, हे काकांनी ओळखलं. ते थेट निर्मातीबाईंसमोर उभे राहिले. "बाई, चूक माझी आहे. ‘वि’ म्हणजे विराम होता. ही दवाखान्यात होती, खर्डा मी पाठवला. काढायचं तर मला काढा, तिची मालिका काढू नका."

"तुम्हाला मी ठेवलंय कधी, काढायला?" बाई म्हणाल्या, तेही शांतपणे. पुतणीने डोळे मिटले. "मेलेलं कुणी उठलंय का यात?"

"नाही."

"गेला महिनाभर श्रोते मला विचारतायत, तो पोस्टमन तोंड कधी उघडणार? मी बावन्नाव्या भागाला मालिका बंदच करणार होते, काही घडेना म्हणून. आता लग्न लावलंत, तर संसार कोण दाखवणार? आणखी सव्वीस भाग लिहा." मग त्यांनी पुतणीकडे पाहिलं. "पण खरं सांग, हे सुचलं कसं?"

पुतणीला हसू आणि रडू एकदमच आलं. तिने तोंडातला कापूस सावरला, समोरच्या माइकचं बटण दाबलं आणि काचेपलीकडच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा जड जिभेने म्हणाली, "हे माझं नाही. काकांचं आहे. सोळा भाग माझ्या मागे तेच उभे आहेत."

आत बाईसाहेबांनी टाळी वाजवली. त्यांचं पाहून पोस्टमनने, ध्वनिमुद्रण करणाऱ्याने आणि शेवटी निर्मातीबाईंनीही.

टाळ्या कानावर पडल्या आणि काका चटकन अंग चोरून भिंतीला लागले. टाळ्या घ्यायला मागून जो कुणी नट येत असेल, त्याला त्यांनी वाट करून दिली. मागे कुणीच नव्हतं. ते तरीही दाराकडे बघत तसेच उभे राहिले, तेव्हा बाईसाहेब बाहेर आल्या आणि त्यांच्या हाताला धरून म्हणाल्या, "अहो, कुणाची वाट बघताय? पुढे या. तुमच्यासाठीच आहेत."