दुसरं पाऊल

दादाने मला शिट्टी धरायला शिकवलं तेव्हा पहिली तंबी दिली होती, "चेंडूकडे बघायचं नाही. चेंडू बघायला सगळं गाव बसलंय. तू आडवी येणारीचे पाय बघ." घरी टीव्हीवर सामना बघतानाही माझी नजर चेंडूमागे गेली की टपली बसायची.

त्या दिवशी मुलींच्या बास्केटबॉलच्या अंतिम सामन्याला आम्ही दोघंच रेफरी होतो. मागच्या दोन सामन्यांत दादाचे निर्णय चुकले होते आणि समितीचे साहेब मुद्दाम टेबलाशी येऊन बसले होते. आज चुकला की त्याची रेफरीगिरी संपली. हे त्याने घरी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला साहेबांकडून कळलं.

शेवटच्या मिनिटाला निळ्यांची कप्तान मुसंडी मारून बास्केटकडे झेपावली. पांढऱ्यांची उंच मुलगी आडवी आली आणि दोघी धडकून पडल्या. आमच्या शिट्ट्या एकदमच वाजल्या. अशा वेळी दोघांनीही मूठ वर धरून थांबायचं, आणि धडक ज्याच्या बाजूला झाली त्यानेच खूण करायची, हा आमचा नेम. बाजू दादाची होती.

तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "चार्ज देतोय." म्हणजे चूक कप्तानची. तिचा तो पाचवा फाउल, ती बाहेर.

"दादा, कप्तानने उडी घेतली तेव्हा त्या उंच मुलीचं दुसरं पाऊल टेकलंच नव्हतं. ब्लॉक आहे, चूक आडवी आली तिची. तू कुठे बघत होतास?"



"चेंडूकडे," तो म्हणाला. "पाय आता दिसत नाहीत गं. चेंडू तेवढा दिसतो."

मला त्याचा भयंकर राग आला. वर्षभर मी त्याच्या जाड होत चाललेल्या चष्म्यावरून त्याची थट्टा करत होते आणि तो हसण्यावारी नेत होता. राग गिळून म्हटलं, "ब्लॉक दे. आणि ताठ उभा राहा."

त्याने दोन्ही हात कमरेवर ठेवून ब्लॉकची खूण केली.

सामना संपल्यावर साहेब त्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तो ब्लॉक अचूक पकडलात. तुमचं नाव रेफरींच्या यादीत राहील." माझा जीव भांड्यात पडला.

दादाने गळ्यातली शिट्टी काढून टेबलावर ठेवली. "तो हिने पकडला, साहेब. मी चेंडू बघत होतो."

मग त्याने माझा खांदा धरला. बाहेरच्या पायऱ्या उतरेपर्यंत सोडला नाही.