सुटा कागद

व्हिसा कार्यालयातल्या खिडकीपलीकडच्या बाईंनी फॉर्म हातात घेतला आणि जरा वाकवून पाहिला. तो वाकला नाही. टक्क आवाज करून पुन्हा सरळ झाला.

"हे काय केलंय?"

"लॅमिनेशन," बारकी म्हणाली.

"ते दिसतंय मला. आम्हाला यावर शिक्का मारायचा असतो. प्लास्टिकवर शिक्का बसत नाही. आणि आतला कागद मूळ आहे की झेरॉक्स, ते मी कसं ओळखायचं? सुटा कागद आणा."

"आजच?"

"खिडकी साडेतीनला बंद होते. आज नाही जमलं तर पुढची तारीख..." बाईंनी संगणकाच्या पडद्यावर नजर फिरवली. "बावीस दिवसांनी."

चीनमधल्या विद्यापीठात नाव नोंदवायची मुदत सोळा दिवसांनी संपत होती. तिथून नवा फॉर्म मागवायचा म्हटलं तर टपालालाच तीन आठवडे. शिष्यवृत्ती मिळाली होती, वसतिगृहातली खोली मिळाली होती, तिसऱ्या मजल्यावरची खिडकीजवळची खाटसुद्धा मिळाली होती. आता सगळं त्या टक्क वाजणाऱ्या कागदात अडकलं होतं. भिंतीवरच्या घड्याळात सव्वाअकरा वाजले होते.

परतीच्या बसमध्ये तिला बसायला जागा मिळाली, पण ती उभीच राहिली.

आता बारकीच्या बाबांविषयी थोडं सांगायला हवं, नाहीतर त्यांच्यावर उगीच राग धराल. त्यांचं झेरॉक्स आणि लॅमिनेशनचं दुकान. एवढंसं, दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने पायरीवर थांबायचं. पण देवाने त्या माणसाच्या मनात एक गोष्ट ठासून भरली होती: कागद हा बिचारा जीव आहे, त्याला घाम लागतो, चहा लागतो, वाळवी लागते, त्याला जपलं पाहिजे. त्यांच्या घरात उघडा कागद राहत नसे. बारकीच्या जन्माचा दाखला, सगळी गुणपत्रकं, तिसरीत काढलेला हत्ती, झाडून सगळं बंद. आईच्या खोकल्याची डॉक्टरांनी दिलेली चिठ्ठीही त्यांनी लॅमिनेट केली होती. खोकला आठ दिवसांत गेला, चिठ्ठी सहा वर्षं नवीकोरी.

पंधरा दिवसांपूर्वी चीनहून पाकीट आलं तेव्हा बारकी कॉलेजात होती, रसायनशास्त्राचं शेवटचं प्रॅक्टिकल. संध्याकाळी दुकानात आली तर फॉर्म चकचकीत होऊन काउंटरवर उभा. वर तिचं नाव, खाली विद्यापीठाचा गोल लाल शिक्का. बाबा नुसते बाजूला होऊन उभे राहिले, बघणाऱ्याला नीट दिसावं म्हणून. आणि तिने त्यांच्या गळ्यात हात टाकले होते. पंधरा दिवस तो कागद तिने रोज पाहिला, चिनीच्या शिकवणीच्या बाईंना दाखवला, मैत्रिणींना दाखवला. त्यात काही चुकलंय असं तिच्या एकदाही मनात आलं नाही. तीही त्याच घरची ना. तिच्या लेखी महत्त्वाचा कागद म्हणजे बंद केलेला कागद.

बस थांब्यावर आली तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटं होती.

दुकानात बाबा काउंटरमागे होते, आई झेरॉक्सच्या यंत्रावर. शेजारचे बाइंडरकाका पायरीवर बसून बारकीची वही चाळत होते. काउंटरवर गिऱ्हाईक नसलं की ती रद्दी कागदांच्या त्या वहीत चिनी अक्षरं गिरवायची, आणि काका रोज त्यांची परीक्षा घ्यायचे.

"आलीस? अगं, ही एवढी घरं काढलीस, पण एकालाही दार नाही. आत जायचं कसं?"

"काका, आता नको," ती म्हणाली. तिने फॉर्म काउंटरवर ठेवला. "बाबा, त्यांना सुटा कागद हवाय. साडेतीनच्या आत. नाहीतर संपलं."

बाबांनी फॉर्मकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातांकडे पाहिलं.

"मी तर जपायला..."

"जपायला!" आवाज चढला तसा तिनेच तो खाली घेतला. "विचारायचं तरी होतं, बाबा. एकदा विचारायचं."

"चुकलं," बाबा म्हणाले.

एवढंच. त्यांनी कारणं दिली असती तर तिला भांडता आलं असतं.

"काढता येईल का ते सांगा," आई म्हणाली. "रडारड मागाहून."

"बावीस वर्षांत लावलं फक्त. काढलं कधीच नाही."

बारकीने डोळे पुसले आणि दप्तरातून पेन काढलं. ती चीनला जाणार होती ती चिकटणाऱ्या पदार्थांचंच रसायन शिकायला, आणि ते खूळही याच काउंटरवर तिच्या डोक्यात शिरलं होतं. "हा गोंद गरम झाला की मऊ होतो. पण छपाईची शाईही गरम झाली की सुटते आणि गोंदाबरोबर निघून जाते. गोंद सुटला पाहिजे आणि शाई सुटता कामा नये, एवढीच गरमी हवी. ती किती, मला माहीत नाही. करून बघावं लागेल."

आईने पुढच्या बोलण्याची वाट पाहिली नाही. फॉर्मच्या चार झेरॉक्स काढल्या आणि शिक्क्याचं काय होतं तेही कळावं म्हणून प्रत्येकीवर खाली कोपऱ्यात दुकानाचा रबरी शिक्का मारला. बाबांनी चारही लॅमिनेट केल्या, कडा कापल्या. यंत्राची कळ नेहमी पाचवर असायची. पाचवरच पहिली झेरॉक्स पुन्हा रुळांतून काढली आणि गरम असतानाच प्लास्टिक उचललं. कागद पांढराफटक, अक्षरं सगळी प्लास्टिकवर.

"धुतलं गेलं सगळं," काका हळूच म्हणाले.

दुसरी झेरॉक्स कळ दोनवर ठेवून काढली. गोंद मऊच झाला नाही. कागद मधोमध फाटला. फाटण्याचा आवाज चौघांच्याही छातीत गेला.

एक वाजला. एक गिऱ्हाईक ओळखपत्राची झेरॉक्स मागायला आलं, त्याला काकांनी पायरीवरूनच वळवलं. "तासाभराने या. आत ऑपरेशन चाललंय."

तिसरी कळ तीनवर. अक्षरं राहिली, पण कडेच्या दोन ओळी फिकट झाल्या. बारकीने लिहून घेतलं. "पावणेतीनवर बघू या."

"आकड्याने नाही होणार," बाबा म्हणाले. त्यांनी रुळाजवळ तळहात नेला, जरा थांबले, कळ इतकीशी मागे केली. "असं. आता आहे." चौथी झेरॉक्स आत गेली, बाहेर आली. बाबांनी प्लास्टिक वर उचललं नाही; उलटं दुमडून कागदाला चिकटवूनच मागे ओढत नेलं, एका दमात. अक्षर न् अक्षर जागेवर होतं. शिक्काही.

पावणेदोन झाले होते. बससाठी किमान पाऊण तास हवा.

"तूच काढ," बाबा म्हणाले. "तुझा कागद आहे. माझ्या हातून पुन्हा..."

"मला ती गरमी कळत नाही, बाबा. तुम्हीच."

बाबांनी हात धुतले, कोरडे केले, फॉर्मच्या कडा कापून तो रुळांतून काढला. आई यंत्राला पाठ लावून उभी राहिली, तिचे ओठ हलत होते. देवाचं नाव घेत असणार, कारण दुसरं कुणाचं नाव घेण्यासारखी ती वेळच नव्हती. मागची बाजू सहज निघाली, ती कोरीच होती. मग पुढची. नाव सुटलं. जन्मतारीख सुटली. विद्यापीठाच्या ओळी एकामागून एक मोकळ्या होत गेल्या. प्लास्टिक लाल शिक्क्यापाशी आलं आणि बारकीला राहवलं नाही.

"सावकाश, बाबा."

बाबांचा हात थांबला. क्षणभरच. पण थांबलं की गोंद धरतो. हात पुन्हा हलला तेव्हा शिक्क्याचा नखाएवढा तुकडा कागदावरून उठून प्लास्टिकबरोबर गेला.

कागद सुटला होता, पण शिक्क्याच्या गोलाला एक खिंड पडली होती. बाबा तिच्याकडे पाहत राहिले. मघाशी तिने त्यांच्याकडे पाहिलं होतं तसं रागाने नव्हे.

"मी बोलायला नको होतं," ती म्हणाली.

"चल," बाबा म्हणाले. "ते प्लास्टिकपण घे."

बस उशिरा आली. दोघं खिडकीशी पोचली तेव्हा तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. पुढे दोघे जण. बारकीची पाळी आली तेव्हा तीन वीस.

बाईंनी कागद वाकवून पाहिला. या वेळी तो वाकला. मग त्यांचं बोट शिक्क्यावर येऊन थांबलं.

"हे फाटलंय."

"फाटलं नाही. निघालंय. हे बघा." बारकीने प्लास्टिक खिडकीतून आत सरकवलं. "यावर आहे तो तुकडा. वर ठेवून बघा ना."

बाईंनी चष्मा नीट केला. प्लास्टिक कागदावर ठेवलं, जरा सरकवलं, आणखी थोडं सरकवलं. लाल तुकडा खिंडीत जाऊन बसला. गोल पुरा झाला, कडेच्या तुटलेल्या चिनी अक्षराची रेघसुद्धा रेघेला मिळाली.

"काढलं कोणी हे?"

"माझ्या बाबांनी."

"आणि लावलं कोणी होतं?"

"त्यांनीच."

बाईंनी तिच्या मागे उभ्या असलेल्या माणसाकडे पाहिलं. बाबांनी नजर खाली घातली. बाई दोन्ही वस्तू घेऊन आतल्या खोलीत गेल्या. तीन चोवीस. तीन सव्वीस. आतून काही ऐकू येत नव्हतं. बाबा तिच्या दप्तराचा पट्टा धरून उभे होते, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचे तसा.

तीन अठ्ठावीसला बाई आल्या, खुर्चीवर बसल्या आणि कागदाच्या कोपऱ्यात ठप्पकन शिक्का मारला.

"साहेबांनी भिंग लावून बघितलं. आठ दिवसांनी पासपोर्ट न्यायला या." त्यांनी पावती दिली आणि प्लास्टिक परत सरकवलं. "हे आमच्या कामाचं नाही."

दोघं बाहेर पायऱ्यांवर आली. मग बाबांनी पावतीसाठी हात पुढे केला, सवयीने तिच्या कडा चाचपल्या, आणि बारकीने त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"नाही गं बाई," त्यांनी पावती लगेच परत दिली. "घे. उघडीच राहू दे."

तिला हसू आलं, आणि हसता हसता रडूही. तिने दप्तरातलं प्लास्टिक काढून त्यांच्या हातात दिलं. त्यावर लाल तुकडा होता, आणि वरच्या टोकाला, बाबांनी उजेडाकडे धरलं तेव्हा दिसलं, तिच्या नावाची एवढीशी छाया उमटून राहिली होती. उलटी, फिकट, पण वाचता येत होती.

"हे मी ठेवतो," बाबा म्हणाले. "तू तिकडे असशील तेव्हा."