चौथ्या पाहुण्याचं वय

पंचमंडळींनो, तुम्ही खोटं बोललात. चुकून नाही, घाईगडबडीत नाही. टेबलाभोवती बसून, घोटघोट पाणी पिऊन, एकमेकांच्या तोंडाकडे बघून, ठरवून खोटं बोललात. त्या बाईचं उत्तर चुकलं असं जाहीर केलंत, वर पाहुण्याची बदनामी केली म्हणून तीन वर्षं तिला स्पर्धेची दारं बंद केलीत. आता ती बाई कोण आणि तिनं नेमकं केलं काय, ते मुकाट ऐकून घ्या.

बाई चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. दुकानात तिला सगळे ताई म्हणतात, तिच्यापेक्षा वयानं कितीतरी मोठा असलेला मालकसुद्धा. तिच्यासमोर एक यंत्र असतं, त्याला हनुवटी टेकायची खाच असते. त्या खाचेत हनुवटी टेकली की भल्याभल्या माणसाचं मेंढरू होतं. पहिली काच स्पष्ट की दुसरी, विचारलं की सांगतं. खालची ओळ वाचा म्हटलं की वाचतं. त्याच सुरात, काच बदलता बदलता, दुसरं काहीही विचारलं तरी उत्तर येतं, हे ताईच्या लवकरच ध्यानात आलं. पहिली की दुसरी? दुसरी. आता? पहिली. कुत्रा की मांजर? मांजर, दोन आहेत, त्यातलं एक काणं. एका न्यायाधीशानं तर डोळ्यात थेंब पडायच्या आत लहानपणी कोणाची सायकल चोरली तेही सांगून टाकलं होतं.

हे विचारायला नको होतं, हे खरंच. पण ताईला सराव हवा होता. स्मरणशक्तीच्या स्पर्धेत अनोळखी पाहुण्यांची फेरी असते. पाच माणसं मंचावर येतात, ज्यानं त्यानं आपलं वय, जन्मतारीख, फोन नंबर, पत्ता, आवडीनिवडी, पाळलेली जनावरं असं सगळं एकदाच सांगायचं, आणि मग स्पर्धकानं ते बिनचूक म्हणून दाखवायचं. एक चूक झाली की घरी. बाकीच्या फेऱ्या ताई हसतहसत मारायची. आकड्यांची रांग असो की शब्दांची, तिला काही वाटत नसे. पण गेली दोन वर्षं ती याच फेरीत आपटली होती. पहिल्या येणाऱ्याला संघात जागा मिळते, परदेशातल्या मोठ्या स्पर्धेसाठी. लग्न झाल्यापासून ताईनं स्वतःसाठी मागितलेली ही एकच गोष्ट. नवरा हो म्हणाला होता, म्हणजे टीव्हीवरून नजर न काढता मान हलवली होती.

घरात तिच्या बाजूनं उभं होतं ते एकच माणूस, सासू.

त्याचं कारण सांगायला हवं. ताईची पद्धत अशी, की अनोळखी माणूस लक्षात ठेवायचा तर त्याला मनातल्या मनात आपल्या घरात आणून बसवायचं. प्रत्येकाला ठरलेली जागा. पहिला दारातल्या चपलांवर, दुसरा सोफ्यावर, तिसरा सासूच्या पलंगावर, चौथा स्वयंपाकघरात खिडकीखाली, पाचवा मोरीत. त्यांच्या आकड्यांचीही चित्रं करायची, जितकी वाह्यात तितकी चांगली, कारण सभ्य चित्र मिनिटभरही टिकत नाही. त्यामुळे संध्याकाळी ताई घरी आली की सासू आधी हेच विचारायची, की आज माझ्या पलंगावर कोण लोळतंय. ताई सांगायची, बँकेतला कॅशियर आहे, आई, पोटावर दोन बदकं घेऊन पडलाय, आणि अंगात नुसता बनियन आहे. सासू विचारायची, उशीला पाय तर लावले नाहीत ना मेल्यानं.

एकदा तिनं साफ सांगितलं, “हे बघ, बाईमाणूस आणलंस तर पलंगावर बसव. पुरुष आणलास तर त्याला मोरीत घाल. या वयात मला नसते ताप नकोत.”

दर आठवड्याच्या शेवटी ताई घर रिकामं करायची. डोळे मिटून एकेकाला दाराबाहेर काढायचं, नाहीतर जुनी माणसं नव्यांच्या उरावर बसतात. हा या खेळाचा पहिला नियम, आणि तो तिनं एकदाच मोडला.

झालं असं, की एक दिवस दुकानात एक गृहस्थ आले. नंबर उणे सहा. चष्मा काढला की समोर माणूस आहे की कपाट हेही कळू नये. त्यांना कॉन्टॅक्ट लेन्स हव्या होत्या, कारण चष्म्यानं वय दिसतं. त्या घालायला शिकवण्यात ताईची अख्खी दुपार गेली. वर बघा, पापणी ओढा, श्वास सोडा. ते श्वास सोडायचे आणि लेन्स उडून मिशीत जायची. एवढ्या वेळात त्यांनी आपला सगळा जन्म सांगितला. वय एक्कावन्न, केस रंगवलेले, पाण्याची भीती, पोहता येत नाही, म्हणून मुलं हसतात. ताईनं त्यांना स्वयंपाकघरातल्या खिडकीखाली शिडीवर बसवलं, कारण तिच्याकडे एक्कावन्न म्हणजे शिडी, आणि मिशीत लेन्स अडकवून दिली.

सासूला हे गृहस्थ भयंकर आवडले. आठवडा संपला, बाकीचे बाहेर गेले, तरी ती विचारत राहिली, तो लेन्सवाला आहे का गं अजून, सापडली का त्याची लेन्स. ताईलाही त्याला हाकलवेना. रोज म्हातारी विचारायची, रोज ही उत्तर द्यायची, आणि लेन्सवाला त्या शिडीवर असा पक्का बसला जसा घरातलाच कोणी.

आता स्पर्धेचा दिवस. सभागृह भरलेलं, सासू पहिल्या रांगेत, नवरा कामाचं काहीतरी सांगून गायब. शेवटच्या फेरीत ताई आणि एक कॉलेजातला पोरगा, दोघंच उरलेले. पाहुणे आले. पहिली बाई, दुसरी बाई, तिसरे आजोबा, आणि चौथे? चौथे हेच. चष्मा नाही, केस कुळकुळीत, छाती पुढे. सूत्रसंचालन करणारी मुलगी तरुण होती, देखणी होती, आणि गृहस्थ तिच्याकडे बघूनच बोलले. वय बेचाळीस. रोज सकाळी तासभर पोहतो. नजर म्हणाल तर घारीची.

सासूनं त्यांना कधी पाहिलं नव्हतं, त्यामुळे तिला काहीच वाटलं नाही. ताईनं मात्र त्यांना ओळखलं. तिनं घाईनं बेचाळीसचा हत्ती काढला आणि स्वयंपाकघरातल्या खिडकीखाली आणून उभा केला. पण तिथं शिडी होती. हत्ती कुठं ठेवणार?

पोरग्यानं आपली उत्तरं दिली आणि तो दुसऱ्या पाहुण्याच्या पत्त्यात चुकला. म्हणजे ताई आता नुसती नीट बोलली तरी संघातली जागा तिची. पहिल्या तिघांचं सगळं तिनं घडाघडा सांगितलं. मग प्रश्न आला, चौथ्या पाहुण्यांचं वय.

“एक्कावन्न,” ताई म्हणाली.

घंटा वाजली, तशी ती गडबडली, आणि गडबडलेला माणूस पाठ केलेलं म्हणत सुटतो तशी सुटली. उणे सहा, पाण्याची भीती, केस रंगवलेले, सगळं माईकमधून सभागृहभर. लोक आधी खुसखुसले, मग खदखदून हसायला लागले. गृहस्थांचा चेहरा लाल झाला, डोळे चोळायला गेले, आणि एक लेन्स खाली पडली. मग ते सगळ्यांदेखत गुडघ्यांवर रांगत ती चाचपडू लागले. पहिल्या रांगेतून सासू मोठ्यानं म्हणाली, “अगंबाई, हा तर आपला लेन्सवाला.”

त्या दिवशी ताई घरी येऊन रडली, हरली म्हणून नव्हे. दुकानात विश्वासानं सांगितलेलं आपण चव्हाट्यावर मांडलं, याची तिला लाज वाटली. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी दार अर्धंच उघडलं आणि ठीक आहे म्हणून लावून घेतलं. मालकानंही तिला झापलं, तेही तिनं ऐकून घेतलं. तिथं तिची चूक होती, आणि त्यासाठी तुम्ही तिला शिक्षा केली असतीत तर तिनं तीही निमूट भोगली असती.

पण तुम्ही ती शिक्षा केलीच नाहीत. तुम्ही लिहिलंत, उत्तर चूक, आणि चुकीची माहिती पसरवून पाहुण्याची बदनामी. तुमच्याच नियमांत लिहिलंय, पाहुण्यांनी स्वतःविषयी खरी माहिती सांगावी. ती खोटी निघाली तर ती फेरी नव्यानं घ्यावी, हेही तिथंच आहे. म्हणजे सगळा खेळ एका गोष्टीवर येऊन अडकला, गृहस्थांचं वय काय.

ताईनं दाद मागितली. तुम्ही तिला बोलावलंत. लांब टेबल, एसी इतका गार की सासूनं साडीचा पदर कानांवरून घेतलेला. गृहस्थही हजर, आज चष्मा लावून. तुमच्या अध्यक्षांनी ताईला समजावलं, की बाई, स्पर्धेत ऐकलेलं सांगायचं असतं, बाहेरचं नाही. सासूनं विचारलं, मग खऱ्या माणसाला कशाला बोलावता, पोपट आणून बसवा. अध्यक्षांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि म्हणाले, की पाहुण्यांनी खोटं सांगितलं याला पुरावा काय.

गृहस्थ कंटाळले होते. ते अध्यक्षांकडे वाकले आणि हळूच म्हणाले, “दाजी, मिटवा ना आता हे.”

दाजी. अध्यक्षांनी कागद सरळ केले, जे आधीच सरळ होते. म्हणजे अध्यक्षांची बायको या गृहस्थांची बहीण. ताईला त्या लेन्सच्या दुपारी ऐकलेलं सगळं आठवलं: दाजींनी गेल्या वर्षी मेहुण्याच्या वाढदिवसाला केलेलं भाषण, त्यात त्यांनी मोठ्यानं म्हटलेला आकडा, त्यावर वाजलेल्या टाळ्या. शब्दन् शब्द तिच्या ओठांवर आला. सासू तिला कोपरानं ढोसत होती, बोल ना, बोल.

ताईनं सासूचं कोपर हळूच बाजूला केलं. एकदा दुसऱ्याचं गुपित उघड्यावर टाकून झालं होतं. पुन्हा नाही.

“यांच्याबद्दल मी यापुढे एक अक्षर सांगणार नाही,” ती म्हणाली. “ते मला विश्वासानं सांगितलेलं आहे. पण तुम्हाला कोणी सांगायची गरज नाही, साहेब. तुम्ही घरचेच आहात. मी संघात जायचं की तीन वर्षं घरी बसायचं, ते तुमच्या एका आकड्यावर आहे. तुमच्या बायकोच्या सख्ख्या भावाचं वय किती?”

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं आणि बैठक संपली म्हणून सांगितलं. त्याला आता महिना होत आला. बंदी तशीच आहे, संघात तो पोरगा गेला आहे, आणि ताई दुकानात काचा बदलते आहे.

पंचमंडळींनो, प्रश्न अवघड नाही. पाठांतर लागत नाही, यंत्र लागत नाही, हनुवटी कुठं टेकवावी लागत नाही. वय किती? उत्तर द्या.