समोरची पार्टी

“आज आपलं कोणी गेलं का?”

साहेबांनी विचारलं. कोट खुंटीला अडकवता अडकवता ते रोज हाच प्रश्न विचारत, आणि बाहेर ऊन वाढलंय का असं सभ्य माणसं विचारतात त्या आवाजात विचारत. नवख्याला वाटावं, एवढा मोठा माणूस हाताखालच्यांच्या सुखदुःखाची चौकशी करतो आहे. तसं काही नव्हतं. हे सरकारी वकिलांचं कार्यालय होतं, आणि ‘आपलं’ म्हणजे सरकारवर दावा लावून बसलेली माणसं. त्यांच्यातला एखादा मेला आणि त्याच्या वारसांनी मुदतीत न्यायालयात येऊन त्याच्या जागी आपलं नाव लावून घेतलं नाही, तर दावा आपोआप पडत असे. साक्ष नको, पुरावा नको, युक्तिवाद नको. प्रतिपक्षाला निरुत्तर करण्याचा याहून स्वस्त उपाय न्यायशास्त्राला आजवर सापडलेला नाही. म्हणून वर्तमानपत्रातलं निधनवार्तांचं पान सकाळी बारकाईने वाचणं हे इथलं रीतसर काम होतं, आणि ते प्रशासकीय साहाय्यक म्हणून नेमलेल्या बाईकडे होतं. तिला सगळे ताई म्हणत. कोणाचीच बहीण नसलेल्या बाईला हाक मारण्याची ती एक सोय होती.

ताईचं बोट एका छोट्या चौकटीवर थांबलं होतं. चौकटीत पांढऱ्या गणवेशातला जुना फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं, ‘माजी परिचारिका’.

“नाही साहेब,” ताई म्हणाली. “आज आपलं कोणी नाही.”

नोकरीतलं तिचं हे पहिलं खोटं. सरकारच्या वतीने टाइप केलेली खोटी यात धरलेली नाहीत. ती शपथेवर होती.

त्या परिचारिकेची गोष्ट ताईला तोंडपाठ होती, कारण तिच्याविरुद्धचं प्रत्येक उत्तर ताईनेच टाइप केलं होतं. रात्रपाळीत वॉर्डातला ऑक्सिजन संपला आणि एक रोगी दगावला. सिलिंडर रिकामे आहेत, हे परिचारिकेने वरच्यांना वारंवार कळवलं होतं. पण कळवणारा खाली असतो आणि ऐकणारा वर, आणि पाणी उताराकडेच वाहतं. चौकशी समिती बसली. परिचारिका ‘कर्तव्यात बेफिकीर’ ठरली आणि घरी गेली. समितीतले सगळे यथावकाश बढती घेऊन निवृत्त झाले. परिचारिकेला नोकरी परत नको होती. हुकुमातला ‘बेफिकीर’ हा एक शब्द तिला खोडून हवा होता. तो खोडला जाऊ नये यासाठी सरकारने इतकी वर्षं इतका कागद खर्च केला होता, की तेवढ्यात शब्दकोशाची नवी आवृत्ती निघाली असती.

प्रत्येक तारखेला ती कार्यालयाच्या खिडकीशी येई. तिच्या वकिलाला तिच्यापेक्षा महत्त्वाची कामं असत, त्यामुळे कागदांच्या प्रती ती स्वतःच आणून देई. ताई पोच द्यायची आणि पुढची तारीख सांगायची. समोरच्या पक्षाशी कामापुरतंच बोलावं असा दंडक होता, आणि तो दोघीही पाळत.

एकदाच मोडला. तारीख सांगताना ताईला घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. खिडकीच्या गजांतून एक हात आत आला आणि त्याने तिचं मनगट धरलं.

“गप्प बसा. बोलू नका,” परिचारिका म्हणाली. ती आपल्या घड्याळाकडे बघत होती. मग म्हणाली, “सकाळपासून पोटात काही गेलेलं नाही ना? खरं सांगा.”

“एकटीसाठी कोण करत बसतं हो!”

“एकटीलाच दोन पोटं असतात. जेवायला एक आणि काळजी करायला दुसरं. खात जा.”

ज्या हाताला सरकारने बेफिकीर ठरवलं होतं, तो हात मनगटावर गरजेपेक्षा जास्त वेळ राहिला. ताईला आठवेना, आपल्याला याआधी कोणी कधी धरलं होतं. आईला शेवटचं उचलून ठेवताना आपणच धरलं होतं. पण तो हिशेब वेगळा.

दुसऱ्या दिवशी हेडक्लार्क दुसरंच वर्तमानपत्र नाचवत आले.

“अहो ताई, चष्म्याचा नंबर वाढला की काय? ही बघा, आपली ऑक्सिजनवाली गेली! आणि तुम्ही काल म्हणता, कोणी नाही?”

“नजरचूक झाली.”

“असू द्या हो, असू द्या,” साहेब आतून म्हणाले. “माणूस आहे, व्हायचंच.” साहेब वाईट नव्हते. ताई तापाने फणफणलेली असली की ते तिला लवकर घरी पाठवत. या कार्यालयाला वाईट माणसाची गरजच नव्हती. व्यवस्था चोख असली की सज्जनही पुरतात. “पुढची तारीख कधी आहे हो हिची?”

“मुदत संपल्यानंतरची,” हेडक्लार्क खुशीत म्हणाले. “वकील तारखेशिवाय फिरकत नाही. एक मुलगा आहे, त्याला कायद्यातलं ओ की ठो कळत नाही. आपण फक्त मूग गिळून बसायचं. केस जागच्या जागी गार!”

तेव्हा ताईला कळलं, की आपलं कालचं खोटं फुकट गेलं. केस पाडायला इथे खोटं बोलण्याची गरजच नव्हती. इथे गप्प बसलं की पुरत होतं, आणि गप्प बसण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं.

रविवारी ती परिचारिकेच्या घरी गेली. जिना अरुंद होता आणि दारापाशी चपलांचा एकच जोड होता. दार मुलानेच उघडलं. तो लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. हाताच्या रेषांत काळं ग्रीस मुरलेलं होतं आणि त्या हातात इस्त्री होती.

“कोण पाहिजे?”

“मी तुमच्या आईच्या ओळखीची.”

“हॉस्पिटलमधल्या का?”

“नाही. केसच्या.”

“वकिलीणबाई?”

“नाही हो. समोरच्या. सरकारी वकिलांच्या ऑफिसातली. मी टाइप करते तिथे.”

मुलाने इस्त्री उभी ठेवली. “म्हणजे आईला बेफिकीर म्हणणारे ते कागद...”

“मीच टाइप केलेत.”

“कमाल आहे बुवा तुमची! भेटायला आलात? बघायला आलात, खरंच मेली का ते?”

“तुमचं नाव लावा, हे सांगायला आले. तुम्ही वारस आहात. मुदतीत अर्ज केला नाहीत तर केस पडेल.”

“पडू द्या की. आई गेली, तिच्याबरोबर केसही गेली. आता मेलेल्या माणसाला कोण दोषी ठरवतंय?”

“ठरवलेलंच आहे. ते खोडायचं राहिलंय.”

खुर्चीवरचे कपडे उचलून त्याने जागा केली, पण बसा म्हणाला नाही.

“या केसपायी आईने काय काय सोडलं, माहीत आहे? माझ्या लग्नाच्या बोलणीतसुद्धा मुलीकडच्यांना फाइल वाचून दाखवायची. म्हणायची, आधी माझं ऐका, मग पोरगा बघा. कोण थांबणार? सगळे चहा पिऊन जायचे.” तो हसला, पण त्यात हसू नव्हतं. “सुटलो एकदाचा, असं वाटलं मला. खोटं कशाला बोलू? स्मशानातून घरी येताना वाटलं, सुटलो.”

“वाटतं तसं,” ताई म्हणाली. “नंतर सुटल्याचं काय करायचं, ते कळत नाही.”

त्याने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. “आणि मी उद्या तुमच्या साहेबांना जाऊन सांगितलं, की ही बाई घरी आली होती, तर?”

“नोकरी जाईल.”

“घरी कोण कोण आहे?”

“कोणी नाही.”

“मग नोकरीशिवाय आहेच काय तुमच्याकडे?”

शब्द तोंडातून गेल्यावर त्याला आपलीच लाज वाटली असावी. आत जाऊन तो पाण्याचा पेला घेऊन आला. ताईने पाणी पिता पिता सांगितलं, काय करायचं, वकिलाला कोणत्या शब्दांत सांगायचं, मृत्यूचा दाखला कुठे मागायचा. वकील टोलवाटोलवी करेल, त्याला दाराशी उभं राहून घाम फोडायचा. आणि प्रत द्यायला स्वतः यायचं.

“फक्त माझं नाव कुठे घेऊ नका,” ती उठताना म्हणाली.

“तुमचं नाव मला माहीतच नाही.”

हे खरंच होतं. त्याच्या आईलाही ते माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत खिडकीपाशी ते कधी लागलंच नाही. ताई सांगणार होती. ओठांपर्यंत आलं होतं. तेवढ्यात त्याचा फोन वाजला, कुठल्याशा इमारतीत कोणीतरी लिफ्टमध्ये अडकलं होतं, आणि तो “हो, निघालोच, घाबरू नका म्हणावं” असं फोनवर सांगत पायात चपला सरकवू लागला. ताई जिना उतरली.

मग वाट पाहणं आलं. सरकारी नोकरीत माणूस दुसरं काही शिको न शिको, वाट पाहायला शिकतो; पण लोकांना वाट पाहायला लावणं निराळं आणि स्वतः पाहणं निराळं. खिडकीशी सावली पडली की ताईचं बोट चुकीच्या अक्षरावर जाई. हेडक्लार्कनी दोनदा विचारलं, “तब्येत बरी आहे ना?” संध्याकाळी घरी गेल्यावर ती कुकरची शिट्टी होईपर्यंत स्वयंपाकघरातच उभी राही, कारण त्या घरात दुसरा आवाज तोच होता.

मुदत संपायला आली तेव्हा तो आला. धुतलेला शर्ट, हातात कागदांची जुडी. हेडक्लार्क ताईच्या मागेच उभे होते. त्याने खिडकीतून आत पाहिलं आणि अनोळखी माणसाकडे बघावं तसं ताईकडे बघितलं.

“बाई, सरकारी वकिलांचं ऑफिस हेच का?”

“हेच. काय काम आहे?”

“आई वारली माझी. केसमध्ये तिच्या जागी माझं नाव लावायचा अर्ज केलाय. ही तुमची प्रत.”

हेडक्लार्क पुढे झाले. कागदावरची तारीख त्यांनी वाचली, परत वाचली. “मुदतीत आहे,” ते कडू तोंडाने म्हणाले. “काय हो, तुम्हाला कसं सुचलं हे? वकिलाला तर मागच्या आठवड्यापर्यंत पत्ता नव्हता.”

ताईचा हात शिक्क्यावर होता. तो उचलेना.

“आई सांगून गेली होती,” मुलगा म्हणाला. “तिला केसशिवाय दुसरं काय होतं! जाताना पाण्याच्या आधी केस मागितली तिने.”

हेडक्लार्कना हे पटलं. लोकांच्या हट्टावर त्यांचा गाढ विश्वास होता.

ताईने शिक्का मारला, सही केली. आपलं नाव तिने रोजच्यासारखं गिचमिडं न लिहिता, एक एक अक्षर सुटं काढून लिहिलं, आणि पोच खिडकीतून पुढे केली. मुलाने ती घेतली. सहीवर त्याची नजर थांबली की नाही, हे तिला कळलं नाही. यापुढे तो तारखेला येणार होता, आणि जितकी वर्षं येईल तितकी वर्षं तिला त्याच्याशी कामापुरतंच बोलता येणार होतं. एक शब्द जास्त बोलली असती तर सगळं उघडं पडलं असतं.

“पुढची तारीख?” त्याने विचारलं. तिने सांगितली. तो गेला.

“ओळखीचा होता का हो?” हेडक्लार्कनी सहज विचारलं. “तुमच्याकडे बघत होता.”

“छे. समोरची पार्टी.”

दुपारी साहेबांनी तिला आत बोलावलं. अर्जाला विरोध करायचाच होता. विरोध करणं हे तत्त्व होतं, कशाला हा तपशील. ते डोळे मिटून सांगू लागले आणि ताई टाइप करू लागली. वारसाला या दाव्यात काही हितसंबंध नाही. मृत व्यक्तीच्या लौकिकाचा प्रश्न मृत्यूबरोबर संपतो. मृत व्यक्तीला अप्रतिष्ठेची झळ लागत नाही.

मग ते थांबले, कारण उत्तराच्या शिरोभागी नियमाप्रमाणे दोन्ही नावं टाकायची राहिली होती. ताईने परिचारिकेचं पूर्ण नाव टाइप केलं, त्याच्याआधी ‘मयत’ हा शब्द घातला, आणि त्याच्याखाली ‘तर्फे वारस’ म्हणून मुलाचं. नावांखाली तिने आणखी एका नावापुरती ओळ रिकामी सोडली. तिथे जागा सोडण्याचा नियम नव्हता.

“झालं?” साहेबांनी डोळे न उघडता विचारलं.

“झालं साहेब,” ती म्हणाली. “पुढे सांगा.”