दोरा ओवून दे

धायरीतला फ्लॅट विकून मेलबर्नला मुलाकडे कायमचं जायचं ठरलं, तेव्हा सुहासिनीताई खासनीस एकेकाचा निरोप घेत सुटल्या. पुण्यात निरोप घ्यायचा म्हणजे चार घरी चहा प्यायचा आणि पाचव्या घरी चहाशिवाय ‘आता या वयात कशाला?’ हे ऐकून घ्यायचं. तेही त्यांनी निमूटपणे ऐकलं. खराडीला नाजिमाकडे जाणं मात्र त्या पुढे पुढे ढकलत राहिल्या. विमानाला चार दिवस उरले तेव्हा, एका रविवारी सकाळी, त्यांनी कॅब बोलावली. पर्समध्ये नेहमीची सुईदोऱ्याची डबी होती आणि चार घड्या घातलेला एक कागद होता.

नाजिमाला आज सांगायचंच होतं. सतरा वर्षं ही गोष्ट त्यांच्या मानगुटीवर बसली होती आणि तिला सोबत घेऊन विमानात चढायची त्यांची तयारी नव्हती.

गोष्ट सुरू झाली ती वीस वर्षांपूर्वी. धायरीला त्यांच्या समोरच्या दारात हुसेनभाई आणि बिलकिसभाभी राहायचे. हुसेनभाईंचं रविवार पेठेत घड्याळदुरुस्तीचं दुकान. त्यांची एकुलती एक लेक नाजिमा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा सुखरूप झाला, पेढे आणायला माणूसही गेला, आणि मग नाजिमाचा रक्तस्राव थांबेना. गट बी निगेटिव्ह. रक्तपेढीत त्या गटाची एकच पिशवी शिल्लक होती. सुहासिनीताईंचा गट तोच. त्या स्वयंपाक अर्धा टाकून धावल्या. फॉर्मवर कावीळ झाली होती का, मलेरिया झाला होता का, असे प्रश्न होते. परदेशात राहिलात का, हे त्या फॉर्मवर कुणी विचारलं नव्हतं आणि विचारलं असतं तर त्यांनी जरा ऐटीतच सांगितलं असतं, की हो, इंग्लंडला, पाच वर्षं.

तपासण्या होऊन संध्याकाळी पिशवी मिळाली. हुसेनभाई रिक्षावाल्याला रस्ता सांगत राहिले आणि बर्फाचा थर्माकोलचा डबा सुहासिनीताईंनीच मांडीवर घेतला. रिक्षात त्यांनी झाकण किंचित उचलून पाहिलं. पिशवीवरचा नंबर आणि त्यांच्या हातातल्या चिठ्ठीवरचा नंबर एकच होता. आपलंच रक्त आपल्याच मांडीवर गार पडलेलं पाहून त्यांना उगीच हसू आलं. नाजिमा वाचली. बिलकिसभाभींनी त्यांचे दोन्ही हात डोळ्यांना लावले आणि म्हणाल्या, “आजपासून ही तुमची पण मुलगी.”

इथवर सगळं गोडच होतं. पुढे तीन वर्षांनी त्या आणि त्यांचे यजमान बाळासाहेब पहिल्यांदा मेलबर्नला आमोदकडे गेले. आमोदची बायको रक्तदानाला निघाली होती. सुहासिनीताई म्हणाल्या, मीही येते, माझा गट दुर्मीळ आहे. तिथली नर्स मोठी लाघवी होती. प्रश्न विचारत विचारत ती एका ओळीवर आली: १९८० ते १९९६ या काळात तुम्ही इंग्लंडमध्ये एकूण सहा महिने किंवा त्याहून जास्त राहिलात का?

“चौऱ्याऐंशी ते एकोणनव्वद. लीड्सला,” सुहासिनीताई ऐटीत म्हणाल्या.

नर्सने पेन खाली ठेवलं. मग अगदी हळुवारपणे, लहान मुलाला समजवावं तसं, तिने समजावलं. त्या काळात तिथल्या गुरांना मेंदूचा एक आजार झाला होता. तो मांसातून माणसांत आला. शरीरात तो वर्षानुवर्षं झोपून राहतो. रक्त तपासून कळत नाही. रक्तातून दुसऱ्याला गेल्याची उदाहरणं आहेत, अगदी मोजकी, पण आहेत. म्हणून त्या वर्षांत तिथे राहिलेल्यांचं रक्त आम्ही घेत नाही.

“अहो, पण मी अंडंसुद्धा खात नाही!”

नियमात काय खाल्लं हे विचारलेलं नाही, कुठे राहिलात एवढंच विचारलंय, नर्स म्हणाली, आणि बिस्किटाचा पुडा त्यांच्या हातात देऊन तिने त्यांना दारापर्यंत पोचवलं.

रक्त दिल्यावर काय खावं हे त्यांना माहीत होतं. रक्त नाकारल्यावर ते बिस्किट कसं गिळायचं ते कळेना. घरी येऊन त्यांनी वाचायला सुरुवात केली आणि वाचू नये ते सगळं वाचलं. आधी माणूस उदास होतो. मग हातापायांना मुंग्या येतात, तोल जातो, हातातल्या वस्तू सुटतात, शब्द आठवत नाहीत. उपाय नाही. आणि जेलीत गुरांच्या हाडाकातड्याचा अंश असतो, हेही त्यांनी तेव्हाच वाचलं. लीड्सला आमोदच्या बालवाडीत कुणाचाही वाढदिवस असला की कागदी वाडग्यातून लाल जेली यायची. आमोद अर्धी टाकायचा. उरलेली, टाकून कशाला द्यायची म्हणून, त्या संपवायच्या. मुलाच्या ताटातलं संपवायची सवय कुठल्या आईला नसते?

ती लाल जेली तेव्हापासून त्यांच्या मागे लागली. टोमॅटो चिरताना दिसायची, देवापुढच्या निरांजनाच्या उजेडात थरथरताना दिसायची. स्वतःबद्दल त्यांना फारसं वाटलं नाही. माणूस कधीतरी जाणारच. पण ते रक्त त्यांच्या एकटीचं राहिलं नव्हतं. ते समोरच्या दारात, माहेरी येत-जात, हसतखेळत वावरत होतं.

सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. तपासणी नाही, औषध नाही, मग सांगून त्या पोरीच्या जिवाला घोर कशाला, असं त्यांनी स्वतःला पटवलं. खरं कारण हे की त्या भ्याल्या. ज्या हातांना बिलकिसभाभींनी डोळे लावले होते, तेच हात जोडून हे सांगायचं त्यांना धाडस झालं नाही. बाळासाहेबांनाही त्यांनी सांगितलं नाही, आणि ते तर पुढे साध्या हृदयविकाराने, कसलाही संशय न ठेवता गेले.

सांगितलं नाही म्हणून त्या नुसत्या बघत राहिल्या. डोळ्यांत तेल घालून बघत राहिल्या. ईदला, दिवाळीला, अयानच्या वाढदिवसाला त्या नाजिमाकडे जायच्या आणि थोडा वेळ झाला की पर्समधून डबी काढायच्या. “माझ्या डोळ्यांना दिसत नाही गं, एवढा दोरा ओवून दे.” नाजिमा दोरा ओवायची. शिवणाऱ्या आईची लेक, पहिल्याच खेपेला ओवायची. तेवढ्या दोन-तीन क्षणांत सुहासिनीताई तिची बोटं बघून घ्यायच्या. बोटं स्थिर असली की पुढचे दोन-तीन महिने बरे जायचे. मग पुन्हा धास्ती. नाजिमाचं बिऱ्हाड खराडीला गेलं, आयटीतल्या नवऱ्याने तिथे अकराव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हा त्या दोन बस बदलून जायला लागल्या. धायरीच्या बायका म्हणायच्या, सख्खी आई एवढं करत नाही.

आणि गेल्या महिन्यात आमोद फोनवर सहज बोलून गेला, “आई, तो इंग्लंडवाला नियम इथे केव्हाच काढून टाकला. तीन वर्षं झाली. आता ते लोक खुशाल रक्त देतात.” सुहासिनीताई खुर्चीतच बसून राहिल्या. तीन वर्षं! मधल्या तीन वर्षांत त्यांनी बारा वेळा तरी दोरा ओवून घेतला होता. त्यांनी आमोदकडून नियम काढल्याचा कागद मागवला, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून छापून घेतला आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा ठरवलं, की आता सांगायचं. आता सांगायला सोपं होतं.

खराडीला दार अयानने उघडलं. वीस वर्षांचा, दारात मावेना एवढा झालेला. “या आजी!” म्हणत त्याने सोफ्यावरचं नवंकोरं हेल्मेट उचलून त्यांना जागा करून दिली.

“नवीन घेतलंस?”

“घेतलं कुठे, मिळालं. काल मंडळाचं ब्लड डोनेशन होतं ना. मागच्या वेळी नुसता टिफिन दिला होता. चौथ्यांदा दिलं मी. बी निगेटिव्ह म्हटलं की एकदम व्हीआयपी ट्रीटमेंट!” आणि तो कानात इअरफोन घालून आत गेला.

सुहासिनीताई म्हणाल्या, “छान.” त्यांचं लक्ष स्वयंपाकघरातून चहा घेऊन येणाऱ्या नाजिमाच्या हातांकडे होतं. सवयच ती. कप भरलेले होते, बशीत एक थेंब सांडला नव्हता. भिंतीवर बिलकिसभाभींचा फोटो होता. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

निरोपाचं बोलून झालं. नाजिमा शाळेत गणित शिकवायची, त्यामुळे सहामाहीच्या पेपरांचंही बोलून झालं. सुहासिनीताईंनी कागदासाठी पर्समध्ये हात घातला आणि हातात आली ती डबी. आज शेवटचं, असं मनाशी म्हणून त्यांनी ती पुढे केली. “एवढा दोरा ओवून दे गं.”

नाजिमाने सुई उजेडाकडे धरली. दोरा बाजूने गेला. पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला दोरा गेला. “नंबर वाढलाय माझा,” नाजिमा म्हणाली. मग सुई परत न देता तिने विचारलं, “काकू, तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली ना?”

“हो.”

“आणि लिफ्टमधली एवढीशी पाटी तुम्ही चष्म्याशिवाय वाचता. मग ही सुई कशासाठी असते?”

सुहासिनीताईंनी डबीचं झाकण लावलं.

“तुम्ही रागावू नका. पण आता कायमच्या जाताय म्हणून सांगते. तुम्ही गेलात की अम्मी माझी नजर उतरवायची. मीठ आणि सात लाल मिरच्या. दर वेळी. म्हणायची, बाई देवमाणूस आहे, तिने तुला जीव दिला, पण ती तुझ्याकडे बघते ते मला बघवत नाही. मय्यताला आलेली माणसं बघतात तसं बघते. आम्ही खराडीला आलो तेव्हा अम्मीला बरं वाटलं होतं. मग तुम्ही दोन बस बदलून यायला लागलात.” नाजिमा थांबली. “मी दोनदा सगळ्या टेस्ट करून घेतल्या, काकू. डॉक्टर म्हणाले, तुम्हाला काय होतंय? मी काय सांगणार? आमच्या शेजारच्या काकू माझ्याकडे बघतात?”

सुहासिनीताई रडल्या. मग डोळे पुसून त्यांनी सगळं सांगितलं. लीड्स, जेली, नर्स, पिशवीवरचा नंबर, सुई. काहीही गाळलं नाही. शेवटी कागद उलगडून दिला. सांगून झाल्यावर त्यांना इतकं हलकं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली.

नाजिमाने कागद दोनदा वाचला. “म्हणजे मला काही होणार होतं असं तुम्हाला सतरा वर्षं वाटत होतं.”

“हो गं.”

“आणि तुम्ही चकल्या घेऊन येत होतात.”

“चुकले मी,” सुहासिनीताई म्हणाल्या. “तेव्हाच सांगायला हवं होतं. पण आता संपलं बघ ते. त्यांनीच नियम काढला. लिहिलंय ना, धोका अत्यंत कमी.”

“अत्यंत कमी,” नाजिमाने त्या शब्दांवर बोट ठेवलं. “शून्य लिहिलंय का कुठे?”

“अगं, इतकी वर्षं तुला काही झालं नाही...”

“मला नाही झालं.” नाजिमाचं बोट कागदावरून हललं नाही. मग तिने विचारलं, आणि आवाज इतका खाली गेला होता की सुहासिनीताईंना पुढे वाकावं लागलं. “काकू, दुधातून जातं का?”

“काय?”

“ते रक्त मला संध्याकाळी चढवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अयानला माझ्याकडे दिलं. अडीच वर्षं मी त्याला पाजलंय.”

सतरा वर्षांत सुहासिनीताईंनी नको ते सगळं वाचलं होतं, पण हे कधी वाचलं नव्हतं. वाचायचं सुचलंच नव्हतं. तो मुलगा त्यांच्यासमोर धावला, सायकल शिकला, आणि त्यांनी एकदाही त्याच्याकडे बघितलं नव्हतं. त्या आईच्या बोटांकडे बघत होत्या.

“नसेल जात,” त्या म्हणाल्या. “नाहीच जात. मी आमोदला विचारते.”

नाजिमाने सोफ्याच्या कडेला ठेवलेल्या हेल्मेटकडे पाहिलं. “चार वेळा,” ती स्वतःशीच म्हणाली.

मग तिने सुईतून दोरा ओढून काढला. सावकाश, पूर्ण काढला. “अयान!”

“काय मम्मी?” आतून आवाज आला.

“इकडे ये जरा. मला दिसत नाहीये. एवढा दोरा ओवून दे.”

“नाजिमा, नको,” सुहासिनीताई म्हणाल्या. त्यांनी हातही पुढे केला. नाजिमाचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं.

अयान आला. एक इअरफोन काढून त्याने सुई घेतली आणि खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. नाजिमा सुईकडे बघत नव्हती. ती त्याच्या बोटांकडे बघत होती, श्वास धरून, आणि त्या बघण्यातलं सगळं सुहासिनीताईंना आतून माहीत होतं.

पहिल्या खेपेला दोरा गेला नाही. अयान हसला, टोक ओठांत धरून ओलं केलं आणि पुन्हा सुई उजेडाकडे नेली. नाजिमा हसली नाही.